दाढेतली चांदी

सांगलीकडे, कृष्णाकाठच्या या भागात पन्नाशीच्या पुढचा माणूस मोकळेपणी हसला की मागच्या दाढेत एक काळपट राखाडी ठिकरी दिसते. "चांदी भरलीय," असं तो सांगतो, आणि सांगताना त्याच्या आवाजात थोडा मान असतो. दुसरीकडे त्याच घरातली पंचविशीची मुलगी त्याला म्हणते, "बाबा, त्यात पारा असतो, काढून टाका, आता पांढरं सिमेंट मिळतं." एकाला ती चांदी वाटते म्हणून ठेवावीशी वाटते, दुसरीला तो पारा वाटतो म्हणून काढावासा वाटतो. दोघांचंही म्हणणं नावावरून आलेलं आहे. त्या ठिकरीची आजची अवस्था काय, कडा कशा आहेत, भोवतीचा दात किती उरलाय, हे मात्र दोघांनीही पाहिलेलं नसतं. आणि चांदी काढायची की ठेवायची हा निर्णय सगळा त्यावरच असतो.

आधी ती वस्तू काय आहे ते. या भरणात वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. उरलेल्या निम्म्यात चांदी, कथील आणि तांबं यांची पूड, कधी थोडं जस्त. पारा द्रवरूप, बाकीची पूड. दोन्ही घोटली की लोण्यासारखा लगदा होतो आणि काही मिनिटांत घट्ट व्हायला लागतो. जुन्या दवाखान्यांत यासाठी काचेचा छोटा खल असे. घोटून झालेला लगदा कापडात घेऊन जास्तीचा पारा पिळून काढत, मग तो दाढेत ठासत. ठासताना चरचर असा बारीक आवाज येई. पुढे पूड आणि पारा एकत्र असलेल्या कॅप्सूल आल्या, त्या यंत्रात हलवल्या की काम होई. आपल्याकडे खानापूर, आटपाडी, विटा भागातली कितीतरी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात आहेत. पाऱ्याचा हात सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं, हे त्या घरांत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दाढेतल्या चांदीचं शास्त्र तेच. पारा धातूला आपल्यात ओढून घेतो आणि दोघांचा मिळून तिसराच घट्ट पदार्थ होतो. त्यानंतर पारा जवळपास मोकळा राहत नाही, धातूशी बांधला जातो.

फ्रान्समध्ये 1826 च्या सुमारास नाण्यांच्या चांदीचा कीस पाऱ्यात कालवून दात भरायला सुरुवात झाली. सुरुवातीचं मिश्रण फुगायचं आणि दात तडकवायचं. ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक या अमेरिकी दंतवैद्याने 1895 च्या आसपास धातूंचं प्रमाण नीट बसवलं, तेव्हा कुठे ते भरवशाचं झालं.

ही चांदी दाताला चिकटत नाही. समजून घेण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच. ती अडकून बसते. हरिपूरला हळद साठवायची पेवं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे एका वाक्यात कळेल. पेवाचं तोंड अरुंद आणि पोट रुंद. चांदीसाठी दाढेत खड्डा कोरायचा तो तसाच, तळाशी किंचित रुंद आणि तोंडाशी किंचित अरुंद. मऊ लगदा आत जातो, घट्ट होतो आणि मग बाहेर येऊ शकत नाही. शिवाय धातूला जाडी लागते. दीड-दोन मिलिमीटरपेक्षा पातळ चांदी चावताना तुटते. म्हणून कीड लहान असली तरी खड्डा मोठा करावा लागे, चांगला दातही थोडा कोरावा लागे. त्या काळच्या डॉक्टरांनी दात उगाच कोरला असं आज कुणी म्हणू नये. वस्तूची गरजच तशी होती.

चांदीचा मोठा गुण तिच्या सहनशीलतेत आहे. भरताना थोडी लाळ लागली, हिरडीतून जरा रक्त आलं, रुग्णाने मध्येच जीभ हलवली, तरी ती बहुतेक वेळा निभावून नेते. काही महिन्यांत कडेला गंजासारखा थर जमतो आणि तोच फटी बुजवत जातो. म्हणून खेड्यापाड्यात, घाईच्या ओपीडीत, लाइट कधीही जाणाऱ्या दवाखान्यात तिने पिढ्यान् पिढ्या काम केलं. दहा-पंधरा वर्षं ही तिची सहज चाल; वीस-पंचवीस वर्षं टिकलेल्या दाढाही दिसतात.

आता पाऱ्याचं. बसलेल्या चांदीतून पाऱ्याची वाफ सुटत नाही असं म्हणणं खोटं आहे. चावताना, दात खाताना, खूप गरम पिताना अगदी सूक्ष्म प्रमाणात, दिवसाला काही मायक्रोग्रॅमच्या हिशेबात ती सुटते. या प्रमाणाने सर्वसाधारण माणसाला आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर 2020 मध्ये सांगितलं ते नीट वाचण्यासारखं आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे आजार असलेली माणसं, पाऱ्याची ॲलर्जी असलेली माणसं यांच्यात नवी चांदी शक्यतो भरू नये. पण सुस्थितीतली जुनी चांदी वैद्यकीय कारणाशिवाय काढूही नये. दुसरं वाक्य फोनवर फिरणाऱ्या मजकुरातून हमखास गळलेलं असतं. ते का महत्त्वाचं आहे? कारण वाफ सर्वांत जास्त सुटते ती चांदी कोरून काढताना. पाऱ्याच्या भीतीने सहा दाढा एका आठवड्यात उकरून घेणारा माणूस ज्याला भितो आहे तेच जास्त प्रमाणात ओढवून घेतो.

मग युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025 पासून दातातल्या चांदीवर जवळपास बंदी का घातली? मुख्य कारण दाढेबाहेरचं आहे. दवाखान्याच्या सांडपाण्यातून आणि कचऱ्यातून पारा नदी-समुद्रात जातो, तिथे त्याचं जास्त विषारी रूप होतं आणि ते माशांतून माणसात परत येतं. जपानमधल्या मिनामाटा गावात कारखान्याच्या पाण्यातून आलेल्या पाऱ्याने माणसं अपंग झाली, मेली. त्या गावाच्या नावाचा आंतरराष्ट्रीय करार 2013 मध्ये झाला, 2017 मध्ये लागू झाला आणि भारताने त्याला 2018 मध्ये मान्यता दिली. चांदीचा वापर कमी करत न्यावा, हे त्या करारात आहे. म्हणजे नवी चांदी न भरणं हा नदीच्या हिताचा शहाणपणा आहे, आणि दाढेत निवांत बसलेली जुनी चांदी ही वेगळी बाब आहे. या दोन गोष्टींची गल्लत झाली की चांगल्या दाढा विनाकारण कोरल्या जातात.

काढायला खरी कारणं आहेत, आणि ती असताना टाळाटाळ करणंही तितकंच वाईट. चांदीच्या कडेला पुन्हा कीड लागली असेल. चांदीला भेग गेली असेल, तुकडा उडाला असेल. चांदीभोवतीच्या दाताच्या भिंतीला तडा गेला असेल. याची खूण अशी की भाकरीचा कडक पापुद्रा एका विशिष्ट कोनात चावला, आणि विशेषतः चावून सोडताना, वीज चमकल्यासारखी सणक जाते. दोन दातांमधली चांदी झिजून फट पडली असेल आणि जेवल्यावर रोज तिथेच मेथीचं देठ, उसाचा धागा, मटणाचा तंतू अडकून हिरडी सुजत असेल. चांदीला टेकलेल्या गालाच्या आतल्या कातडीवर पांढरी जाळी किंवा लालसर चट्टा उठला असेल, आणि तो बरोबर त्या धातूसमोरच असेल. यातलं काही असेल तर बदलायला हवं. चट्टा असला तर आधी तो डॉक्टरने तपासलेला बरा, कारण आपल्याकडे तंबाखू, मिश्री आणि सुपारीमुळेही गालात चट्टे येतात आणि त्यांचा अर्थ फार वेगळा असू शकतो.

नुसता काळा रंग हे कारण नाही. चांदी काळी पडतेच. कडेचा दात निळसर दिसणं हेही एकटं कारण नाही, धातूचा रंग आत झिरपून तसं होतं. कडेचा बारीक टवका उडाला असेल तर सगळी चांदी काढायचीही गरज नसते. कडा घासून गुळगुळीत करता येते, तेवढ्याच जागी डागडुजी करता येते. दिसण्यासाठी बदलायची इच्छा असणं यात गैर काही नाही. हसताना दिसणारी वरची उपदाढ असेल तर ती इच्छा रास्तच आहे. पण त्याची किंमत माहीत असावी. दर वेळी भरण बदलताना खड्डा थोडा मोठा होतो, दात थोडा कमी होतो. दाताचं हे भांडवल परत भरून येत नाही.

म्हणून खुर्चीत बसल्यावर पहिलं काम एक्स-रेचं. दोन दातांमधली कीड आणि चांदीखालची कीड नुसत्या आरशाने दिसत नाही. चांदी एक्स-रेत पांढरीशुभ्र दिसते, तिच्या कडेखाली काळी सावली असेल तर तिथे कीड असण्याचा संभव असतो. चांदी आणि दाताची नस यांच्यात किती अंतर आहे तेही त्यातच दिसतं. त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारून जावा: थंड पाणी लागल्यावर शिवशिव किती वेळ राहते? दोन-चार सेकंदांत थांबत असेल तर नस बहुधा ठीक आहे. मिनिटभर रेंगाळत असेल, रात्री आडवं झाल्यावर ठणका लागत असेल, तर नुसतं सिमेंट बदलून भागणार नाही, रूट कॅनालकडे जावं लागेल. हे आधी सांगितलं नाही आणि नवं पांढरं सिमेंट भरल्यावर चार दिवसांनी ठणका लागला, की दोष सिमेंटला जातो.

पांढरं सिमेंट, लाइटचं सिमेंट असं आपण ज्याला म्हणतो ते कंपोझिट. सिमेंटशी त्याचं नातं नाही. ते राळेसारखं रसायन आणि त्यात काचेची अतिसूक्ष्म पूड. राफेल बोवेन यांनी 1962 मध्ये त्यातली मुख्य राळ बनवली. पण त्याआधी 1955 मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवलं होतं की दाताच्या वरच्या कवचाला सौम्य आम्ल लावलं की त्यावर सूक्ष्म खळगे पडतात आणि त्यात राळ शिरून घट्ट धरते. कंपोझिट चिकटतं ते या जोरावर. त्याला पेवासारखा खड्डा लागत नाही, कीड तेवढीच काढली तरी चालते. पण चिकटणाऱ्या वस्तूची अट चिकटणाऱ्या वस्तूसारखीच असते: जागा कोरडी आणि स्वच्छ हवी. ओल्या भिंतीवर रंग लावला तर पोपडा येतो. लाळेचा एक पातळ पडदा, हिरडीच्या रक्ताचा एक थेंब, इतकंच काय, तोंडातून येणारी दमट वाफसुद्धा ही पकड बिघडवते. चांदी चूक पोटात घालते, कंपोझिट घालत नाही. पांढऱ्या सिमेंटबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला इथेच दिसतं.

काम सुरू करताना पहिलं काम रंग जुळवण्याचं, आणि ते अगदी सुरुवातीला. तोंड दहा मिनिटं उघडं राहिलं, दात वाळला, की तो आहे त्यापेक्षा पांढरा दिसायला लागतो. तेव्हा निवडलेला रंग दुसऱ्या दिवशी खडूसारखा वेगळा पडतो. मग भूल. खालच्या दाढेला दिलेली भूल ओठ-जिभेसकट दोन-तीन तास राहते. मग रबर डॅम: रबराचा एक चौकोनी पडदा, त्याला भोक, त्यातून फक्त हवी ती दाढ वर काढलेली, दाढेच्या मानेला धातूची छोटी चिमट. पहिल्यांदा लावला की गुदमरल्यासारखं वाटतं. पण श्वास नाकाने घ्यायचाच असतो, आणि दोन मिनिटांत सवय होते. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर ती भेट पुढे ढकलावी. रबराची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं, वेगळ्या पदार्थाचा पडदा मिळतो. हा पडदा इथे दुहेरी काम करतो. आधी चांदीचे कण आणि पाणी घशात जाऊ देत नाही, नंतर लाळ दाढेपर्यंत येऊ देत नाही. रबर डॅम लावणार का, हा एक प्रश्न रुग्णाने संकोच न करता विचारावा. कुठल्या कंपनीचं सिमेंट, यापेक्षा तो जास्त कामाचा आहे. नुसत्या कापसाच्या बोळ्यांवर वरची पुढची उपदाढ नीट होऊ शकते. खालची शेवटची दाढ, जिथे एका बाजूला गाल आणि दुसऱ्या बाजूला जीभ सतत लोटत असते, तिथे बोळे फार वेळ टिकत नाहीत.

चांदी काढण्याची रीत आहे. ती किसून भुगा करायची नसते. नव्या, धारदार कार्बाइड बरने, म्हणजे कोरायच्या यंत्राच्या टोकाने, चांदीत एक-दोन खाचा पाडायच्या, तिचे तुकडे सुटे करायचे आणि ते उचकटून अख्खे उचलायचे. पाण्याचा फवारा भरपूर आणि मोठ्या तोंडाचं सक्शन दाढेला लागूनच. बोथट बरने, पाणी कमी ठेवून घासत बसलं की धातू तापतो, वाफ वाढते आणि खालची नसही भाजते. खोलीची खिडकी उघडी असावी. रुग्णासाठी काही मिनिटांचा प्रश्न असतो. डॉक्टर आणि मदतनीस मुलगी मात्र तीच हवा वर्षानुवर्षं घेतात, त्यांच्यासाठी ही शिस्त जास्त गरजेची.

चांदी निघाली की खालचं खरं रूप दिसतं, आणि इथे डॉक्टरचा हात पारखला जातो. तळ बहुधा काळा-करडा दिसतो. त्यातला बराचसा नुसता डाग असतो, धातूचा झिरपलेला रंग. टोकदार हत्याराने टेकवून पाहायचं: कडक आणि खरखरीत लागलं तर डाग, मऊ चामड्यासारखं लागलं तर कीड. काळं दिसतंय म्हणून कडक तळ कोरत गेलं तर नस उघडी पडते आणि साध्या कामाचं रूट कॅनाल होतं. डाग ठेवून द्यावा. वरून दिसत असेल तर अपारदर्शक रंगाचा पातळ थर आधी देता येतो. याच वेळी प्रकाश आडवा टाकून भिंतींना तडे आहेत का तेही पाहायचं. चांदी जागेवर असताना जे तडे लपलेले असतात ते आता दिसतात.

आणि इथेच कधी कधी बेत बदलतो. जुना खड्डा इतका रुंद असतो की दाढेच्या टोकांमधल्या अंतराचा दोन-तृतीयांश भाग त्यानेच व्यापलेला, दोन्ही बाजूंच्या भिंती पातळ उभ्या, एकीला तडा. अशा दाढेत कंपोझिट भरलं तर दिसायला सुंदर होईल, पण पुढच्या हंगामात ऊस सोलताना भिंतच सुटून येईल. तिथे टोकं झाकणारं भरण किंवा कॅप हाच मार्ग. "बदलायला आलो होतो सिमेंट, आता कॅप सांगतात," असं वाटून माणूस नाराज होतो. म्हणून असं होऊ शकतं हे चांदी काढायच्या आधीच बोलून घेतलेलं बरं. कड हिरडीच्या खाली खोल गेली असेल तर आणखी एक अडचण. तिथे कवच संपलेलं असतं, मुळाचा भाग लागतो, त्यावर कंपोझिटची पकड कच्ची. अशा जागी खाली ग्लास आयनोमरचा थर देऊन वर कंपोझिट करतात. ते दाताशी रासायनिक जोड करतं, ओलसरपणा थोडा सहन करतं आणि फ्लोराइडही सोडतं. नस अगदी जवळ असेल तर तेवढ्या ठिपक्यापुरतं कॅल्शियम असलेलं औषध आधी.

मग चिकटवणं. निळ्या रंगाचं 37 टक्के फॉस्फोरिक आम्लाचं जेल कवचाच्या कडांना पंधरा ते तीस सेकंद. आतल्या पिवळसर भागाला पंधरा सेकंदांच्या वर नाही, आणि बाँड, म्हणजे दात आणि कंपोझिट जोडणारी पातळ राळ, स्वतःच आम्लाचं काम करणाऱ्या प्रकारचा असेल तर आत लावायचंच नाही. मग तितकाच वेळ धुवायचं. कवच वाळून खडूसारखं पांढरं दिसावं. आतला भाग मात्र हवेच्या झोताने कडक वाळवायचा नाही, त्याच्यावर ओलसर चमक राहावी. तिथे उघडे पडलेले बारीक तंतू असतात. फार वाळवले की ते पिंजलेल्या कापसासारखे उभे न राहता चिकटून झोपतात, राळ त्यांच्यात शिरत नाही, आणि नंतर महिनाभर थंड लागलं की शिवशिवतं. बाँड ब्रशने वीस सेकंद चोळून लावायचा, हलक्या हवेने पातळ करायचा, मग लाइट. बाँडच्या बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर त्यातलं द्रावक उडून जातं आणि बाँड निकामी होतो. आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये तापमान चाळिशीला टेकतं, तेव्हा बाटली फ्रिजमध्ये ठेवणं आणि वापरण्याआधी थोडा वेळ बाहेर काढणं ही छोटी शिस्त मोठं काम करते.

कंपोझिट थरांनी भरतात, एक थर दोन मिलिमीटरचा. प्रत्येक थराला वीसेक सेकंद निळा प्रकाश. चार-पाच मिलिमीटर एकदम भरता येईल असेही प्रकार आता आहेत, पण वरचा थर नेहमीच्या कंपोझिटचा असला तर बरा. थरांचं कारण दुहेरी आहे. प्रकाश खोलवर पोहोचत नाही, आणि घट्ट होताना कंपोझिट आकसतं, साधारण दोन-तीन टक्के. मोठा गोळा एकदम घट्ट केला तर तो आकसताना दोन्ही भिंतींना आत ओढतो. भिंत वाकली तर चावताना दुखतं, पकड सुटली तर कडेला फट. प्रकाश देणाऱ्या यंत्राचं टोक दाढेच्या जितकं जवळ तितकं चांगलं. टोकाला जुनं सिमेंट चिकटलेलं असेल, चार्ज उतरलेला असेल, तर वरची पापडी दगडासारखी होते आणि तळ ओला राहतो. हे रुग्णाला त्या दिवशी कळणं शक्य नसतं. दोन वर्षांनी कळतं.

दोन दातांमधली जागा भरायची असेल तर सगळ्यांत कठीण भाग तोच. चांदी ठासता येत असे, ठासताना ती स्वतःच बाजूच्या दाताला भिडत असे. कंपोझिट मऊ, ते ठासून भिडत नाही. म्हणून दातांमध्ये धातूची पातळ वळणदार पट्टी, तळाशी लाकडी पाचर आणि वरून दात किंचित बाजूला लोटणारी स्प्रिंगची रिंग. दात केसभर बाजूला सरकतात, भरण होतं, रिंग काढली की दात परत येऊन घट्ट भिडतात. पाचर नीट बसली नाही तर तळाशी सिमेंट बाहेर ओघळतं आणि हिरडीला खुपतं. रिंग वापरली नाही तर फट राहते. काम संपल्यावर तपासायची सोपी खूण: फ्लॉसचा धागा दोन दातांमधून नेताना थोडा अडून तटकन आत जायला हवा, आणि बाहेर येताना पिंजता कामा नये. सैल गेला तर फट, पिंजला तर कड खडबडीत. खुर्चीतून उठायच्या आधी हे करून बघायला सांगावं. घरी गेल्यावर शेंगदाणा अडकून कळण्यापेक्षा बरं.

शेवटी चावा. निळ्या कागदावर चावायचं, ठसा जिथे गडद तिथे घासायचं. नुसतं टकटक नाही, जबडा डावी-उजवीकडे घासूनही. भूल उतरलेली नसते, त्यामुळे चावा बरोबर आहे की नाही ते रुग्णाला त्या वेळी नीट सांगता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी ती दाढ आधी टेकतेय, चावताना दुखतेय असं वाटलं तर सवय होईल म्हणून थांबू नये. परत जाऊन दोन मिनिटं घासून घ्यावं. कागदाच्या जाडीइतका उंचवटाही नसेला ठेचतो. त्यानंतर पॉलिश, आणि ते मनापासून केलेलं असावं.

हे सगळं एका बाजूच्या एका दाढेला, दोन पृष्ठभागांचं काम असेल तर, पाऊण ते एक तास घेतं. पंधरा मिनिटांत दोन दाढा होत असतील तर वरच्या पायऱ्यांपैकी काहीतरी गाळलं गेलेलं असणार. कवलापूरचं वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय किंवा सांगलीतलं भारती विद्यापीठाचं दंत महाविद्यालय इथे विद्यार्थ्यांना वेळ जास्त लागतो म्हणून माणसं कंटाळतात. पण शिकणाऱ्याचं काम टप्प्याटप्प्याला शिक्षक तपासतात आणि घाई नसते, हा कंपोझिटसाठी फायदाच आहे. अनेक दाढा बदलायच्या असतील तर एका वेळी एकाच बाजूच्या कराव्यात, दुसरी बाजू जेवायला मोकळी ठेवावी. पुढची भेट आधीची दाढ शांत झाल्यावर.

लाइटने घट्ट झालेलं कंपोझिट लगेच चावायला तयार असतं. चांदीला पूर्ण ताकद यायला दिवस लागत असे. तरी भूल उतरेपर्यंत जेवू नये, गाल चावला जातो. थंडाची थोडी शिवशिव काही दिवस, कधी दोन-तीन आठवडे राहते आणि रोज कमी होत जाते. कमी होण्याऐवजी वाढत असेल तर दाखवावं.

आणि हळद. सांगलीच्या माणसाला हळद टाळा असं सांगणं म्हणजे मासळीला पाणी टाळा म्हणण्यासारखं, पण पहिले दोन दिवस तेवढं करावं. ताजं कंपोझिट तोंडातलं पाणी थोडं शोषतं आणि त्याबरोबर रंगही. हळदीचा पिवळा रंग राळेला फार पटकन धरतो, त्याच्या खालोखाल चहा. पांढरा रस्सा, दूध-भात, दहीभात यांवर दोन दिवस निघतात. मागच्या दाढेला पिवळी झाक आली तर काही बिघडत नाही, पुढच्या दाताला दिसते. काही वर्षांनी कडेला पिवळी-तपकिरी रेघ दिसली तर तीही लगेच कीड समजू नये, बऱ्याचदा पॉलिशने जाते. मिश्री मात्र खरंच सोडावी. तिची खरखर कंपोझिटचं तेज घालवते, खडबडीत पृष्ठभागावर सगळेच रंग जास्त बसतात, आणि तंबाखूचं बाकीचं नुकसान वेगळंच. सुपारी दाताने फोडणं, उसाचं पेर दाताने सोलणं हे नव्या भरणाच्या कडेवर पिळाचा जोर आणतं. सुरीने सोलून गंडेऱ्या खाव्यात. तासगावचा बेदाणा, गूळ-शेंगदाणे हे चिकट गोड कडेला साचून राहतं. खाल्ल्यावर नुसती चूळ भरली तरी फरक पडतो. कंपोझिटच्या कडेला पुन्हा कीड लागण्याचं प्रमाण चांदीपेक्षा जास्त आहे हे अभ्यासांतून स्पष्ट झालेलं आहे. सात-दहा वर्षं हा त्याचा साधारण हिशेब, नीट केलेलं आणि नीट सांभाळलेलं त्याहून जास्त. तोंडात सतत नवी कीड लागणाऱ्या माणसाने आधी कीड थांबवावी, चांदी बदलण्याचं नंतर बघावं. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना तर दुखत नसलेली चांदी हलवूच नये.

उरली ती काढलेली चांदी. "आमची चांदी आम्हाला द्या," असं म्हणणारी माणसं आहेत, आणि त्यांचं म्हणणं स्वाभाविक आहे. एके काळी पैसे मोजूनच भरली होती. पण तो तुकडा जेमतेम ग्रॅमभर, त्यात चांदी पाव ग्रॅमच्या आसपास आणि निम्मा पारा. दवाखान्यात तो घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायचा असतो. बेसिनमध्ये, कचऱ्यात किंवा दवाखान्याच्या जाळायला जाणाऱ्या कचऱ्याच्या पिशवीत टाकायचा नसतो. चांदी भरलेली दाढ उपटून काढली तर तीही जाळायची नसते. आणि ज्या तालुक्यांत घरोघरी मूस आणि भट्टी ओळखीची आहे तिथे हे ठळकपणे सांगायला हवं: हा तुकडा कुणीही, कितीही जाणकार असला तरी, मुशीत घालून तापवू नये. चांदी वितळण्याच्या कितीतरी आधी, साडेतीनशे अंशांच्या आसपास, पारा उकळून हवेत जातो. त्या वाफेला वास नसतो, रंग नसतो, आणि बंद खोलीत ती श्वासावाटे फुप्फुसात जाते. घरात असा तुकडा कुठे डबीत जपून ठेवलेला असेल तर तो झाकणाच्या छोट्या बाटलीत पाण्याखाली ठेवून पुढच्या वेळी दंतवैद्याकडे नेऊन द्यावा.